कुलपांवर पैसे घालू नका, पुरावा जमवा: ऑनलाइन धंद्याचा मजकूर आणि फोटो वाचवणाऱ्या साधनांची पारख

ऑनलाइन धंद्याचा मजकूर वाचवण्यासाठी विकली जाणारी साधनं पारखायची तर एक प्रश्न पुरेसा आहे: चोरी झाल्यावर हे साधन माझ्या हातात काय देतं? राइट-क्लिक बंद करणारं प्लगइन काहीच देत नाही. कॉपीस्केप हे मजकुराची नक्कल हुडकणारं साधन चोराच्या पानाचा पत्ता देतं. वेबॅक मशीन हे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारं साधन तारीख देतं. नीट लिहिलेली नोटीस ते पान खाली उतरवते. या लेखातली सगळी साधनं आम्ही याच फूटपट्टीने मोजली आहेत. कुलपांवरचा, म्हणजे नक्कल अडवू पाहणाऱ्या साधनांवरचा, बहुतेक खर्च वाया जातो आणि खरा उपयोग होतो तो पुराव्याचा आणि योग्य पत्त्यावर गेलेल्या तक्रारीचा, हे आमचं स्पष्ट मत आहे.

याचं कारण वेबच्या रचनेत आहे. ग्राहकाला पान दिसायचं तर त्याची अख्खी प्रत त्याच्या ब्राउझरकडे पाठवावीच लागते. एकदा प्रत त्याच्या यंत्रावर पोचली की तिचं काय करायचं हे तुमच्या हातात राहत नाही.

कुलपं: काय ठेवावं, काय काढून टाकावं

राइट-क्लिक आणि मजकूर सिलेक्ट करणं बंद करणारी प्लगइनं वर्डप्रेसवर ढिगाने मिळतात. ती बसवली असतील तर आजच काढून टाका. कंट्रोल-यू दाबलं की पानाचा सोर्स समोर येतो. जावास्क्रिप्ट बंद केली की बंदी संपते. ब्राउझरचा रीडर मोड अनेकदा हीच बंदी बाजूला सारून मजकूर मोकळा दाखवतो. फोनवर स्क्रीनशॉट काढला तर त्यातली अक्षरं गुगल लेन्स वाचून देतं. आणि शेकडो पानं उचलणारा माणूस माऊसला हातही लावत नाही, त्याची स्क्रिप्ट सरळ एचटीएमएल ओढून नेते.

या प्लगइनचा खरा मार बसतो तो प्रामाणिक ग्राहकाला. मॉडेल नंबर कॉपी करून दुसरीकडे ताडून बघायचा असतो, कूपन कोड चिकटवायचा असतो, दुकानाचा पत्ता कुणाला तरी पाठवायचा असतो. चार वस्तू चार टॅबमध्ये उघडून तुलना करण्याची सवय तर जवळजवळ प्रत्येकाला असते, आणि राइट-क्लिक बंद झालं की नेमकं तेच अडतं. चोर आरामात आत येतो आणि गिऱ्हाईक दारात अडकतं.

हॉटलिंक प्रोटेक्शन मात्र सुरू करण्यासारखं आहे. दुसरी वेबसाइट तुमचा फोटो उतरवून न घेता तुमच्याच सर्व्हरवरून थेट दाखवते, त्याला हॉटलिंकिंग म्हणतात. फोटो तुमचा, बँडविड्थ तुमची आणि विक्री त्याची. ब्राउझर फोटो मागताना बहुधा आपण कोणत्या पानावरून आलो हे रेफरर नावाच्या नोंदीत सांगतो. तिथे परक्या डोमेनचं नाव दिसलं की सर्व्हर नकार देतो. वेबसाइटच्या पुढे उभं राहून तिची ये-जा सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या सेवेत हे स्क्रेप शील्ड या भागात एका बटणावर होतं. बटण दाबल्यावर तीन गोष्टी तपासा. पहिली, तुमचं दुसरं डोमेन असेल तर तिथले फोटो दिसतात का. दुसरी, पिंटरेस्ट किंवा गुगल इमेजेसवर तुमच्या फोटोंचं काय झालं, कारण तिथून ग्राहक येत असतील तर हे बटण महागात पडतं. तिसरी, तुम्ही कोणत्या प्रकारच्या फायली वापरता. जेपीजी आणि पीएनजी झाकले गेले आणि वेबपी उघडे राहिले, तर निम्मंच काम झालं. आणि एक मर्यादा पक्की ध्यानात असू द्या: फोटो उतरवून घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर चढवणाऱ्याला याने काडीचाही फरक पडत नाही.

आरएसएस फीडकडे, म्हणजे नवा मजकूर दुसऱ्या यंत्रांना आपोआप पुरवणाऱ्या यादीकडे, फार कमी जण बघतात, आणि आपोआप चालणाऱ्या चोर-वेबसाइटी बऱ्याचदा तिथूनच माल उचलतात. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग रीडिंग, आणि तिथे फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यायचा की सारांश, हा पर्याय असतो. सारांश निवडा. दोन मिनिटांचं काम आहे आणि एक पैसाही लागत नाही. त्याच बैठकीत मजकुरातल्या आतल्या लिंका पूर्ण पत्त्याच्या करून घ्या, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या नकोत. कॅनॉनिकल टॅग (पानाचा मूळ पत्ता शोधयंत्राला सांगणारी खूण) हाही पूर्ण पत्त्याचा ठेवा. आंधळेपणाने पान उचलणारी स्क्रिप्ट या लिंका आणि टॅग तशाच घेऊन जाते, आणि मग चोराचंच पान शोधयंत्राला सांगत बसतं की मूळ तिकडे आहे.

कोणत्या बॉटने, म्हणजे पानं आपोआप वाचणाऱ्या प्रोग्रामने, काय वाचू नये हे सांगणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल १९९४पासून चालत आलेली आहे, २०२२मध्ये तिचं रीतसर मानकही झालं. तरी ती विनंतीची पाटी आहे, भिंत नव्हे. ओपनएआयचा जीपीटीबॉट, कॉमन क्रॉलचा सीसीबॉट यांना तिथे नावाने नकार देता येतो. गूगल-एक्स्टेंडेड या नावाला नकार दिला तर गुगलच्या शोधातली तुमची जागा हलत नाही, कारण ते नाव शोधासाठी नसून एआयच्या वापरापुरतं आहे. पण घाईघाईत शोधासाठी पानं वाचणाऱ्या गूगलबॉटलाच नकार लिहिला, तर दुकान शोधातून हळूहळू नाहीसं होतं. ही चूक वाटते तितकी दुर्मिळ नाही. जे बॉट पाटी वाचतच नाहीत, त्यांच्यासाठी क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेत सर्व्हरच्या दारातच अडवण्याची सोय आहे.

फोटोवरच्या वॉटरमार्कबद्दल आमचं मत थोडं विभागलेलं आहे. कोपऱ्यातलं नाव कापून टाकायला पाच सेकंद लागतात, मधोमध टाकलेलं नाव एआय साधनं पुसून देतात, आणि ॲमेझॉनसारख्या बाजारपेठा मुख्य फोटोवर वॉटरमार्क चालवूनच घेत नाहीत. तेव्हा वस्तू विकणाऱ्याला त्याचा उपयोग थोडा. चित्रकार, छायाचित्रकार, डिझायनर यांचा नमुना हाच माल असतो, तिथे तो टाकावा. सगळ्यांनी करावं असं काम वेगळंच आहे: मूळ फाइल जपून ठेवा आणि वेबवर छोटी प्रत चढवा. लांब बाजू १६०० पिक्सेल असली तरी दुकानात झूम व्यवस्थित चालतं. ६००० पिक्सेलची मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली, तुमच्या डिस्कवर आहे आणि चोराकडे १६००ची जेपीजी आहे, एवढ्यावर बहुतेक वाद तिथल्या तिथे संपतात. त्या एका फोटोच्या आधीच्या आणि नंतरच्या, न वापरलेल्या फ्रेम्सही पुसू नका. चोराकडे त्या असूच शकत नाहीत.

फोटोच्या आत आयपीटीसी मेटाडेटा, म्हणजे फाइलसोबत जाणारी माहिती, भरायला मात्र आळस करू नका. निर्माता, कॉपीराइटची सूचना आणि हक्कांची माहिती देणाऱ्या पानाचा पत्ता, एवढे रकाने पुरेत. लाइटरूममध्ये त्याचा प्रीसेट बनतो, आणि एक्झिफटूल हे मोफत साधन अख्ख्या फोल्डरला एका आज्ञेत ही माहिती लावतं. बऱ्याच सोशल माध्यमांवर फोटो चढवताना हा मेटाडेटा गाळला जातो आणि फोटो लहान करणारी प्लगइनंही तो उडवतात. म्हणून चढवून झाल्यावर एक फोटो पुन्हा उतरवून घेऊन आत माहिती शिल्लक आहे का ते बघा.

चोरी हुडकणारी साधनं

इथे पैसे आणि वेळ दोन्ही घालावेत.

सुरुवात मोफत गुगल अलर्ट्सपासून करा, पण अलर्ट दुकानाच्या नावाचा लावू नका. चोर सगळ्यात आधी नावच बदलतो. प्रत्येक महत्त्वाच्या पानावरून आठ ते बारा शब्दांचं, तुमच्याच घडणीचं एक वाक्य निवडा आणि ते दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून अलर्ट लावा. वाक्य पानाच्या मधलं घ्या, कारण बरेच जण पहिला परिच्छेद नव्याने लिहितात आणि पुढचं सगळं जसंच्या तसं ठेवतात. त्यात ब्रँडचं नाव, किंमत किंवा तारीख नको. गुगलच्या शोधात ३२पेक्षा जास्त शब्द विचारात घेतले जात नाहीत, तेव्हा अख्खा परिच्छेद चिकटवण्यात अर्थ नाही. अलर्टच्या पर्यायांमध्ये ‘फक्त उत्तम निकाल’ हे आधीच निवडलेलं असतं, ते बदलून ‘सगळे निकाल’ करा. चोराचं पान उत्तम निकालांत कशाला येईल?

मराठी मजकुराची एक खोच आहे. ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’ यांतला अर्धा र कीबोर्डाप्रमाणे दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो. डोळ्यांना अक्षर एकच दिसतं, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असू शकतात, आणि शब्दशः शोध तिथे फसू शकतो. म्हणून अलर्टच्या वाक्यात असा र येऊ देऊ नका. ‘केलं’ आणि ‘केले’ यांची अदलाबदल करून मजकूर आपला म्हणून दाखवणारेही असतात. क्रियापदं कमी आणि नामं जास्त असलेलं वाक्य अशा वेळी टिकून राहतं.

कॉपीस्केप हे या कामातलं जुनं आणि अजूनही भरवशाचं नाव. मोफत आवृत्तीत तुमच्या पानाचा पत्ता द्यायचा आणि मोजके निकाल बघायचे. पैसे भरून घेतलेल्या प्रीमियममध्ये मजकूर थेट चिकटवता येतो, अनेक पानं एका दमात तपासता येतात आणि स्वतःची डोमेनं निकालांतून वगळता येतात. पैसे शब्दसंख्येवर लागतात, महिन्याची वर्गणी नसते. त्यामुळे छोट्या दुकानाला ते परवडतं. निकालात किती शब्द जुळले ते कळतं. वीस-तीस शब्दांच्या जुळणीमागे धावू नका. माल परत करण्याच्या अटी, उत्पादकाने सगळ्यांना दिलेलं वर्णन, एवढंच बहुधा तिथे निघतं. सलग शंभर शब्द जुळले की पान उघडाच.

त्याच कंपनीची कॉपीसेंट्री ही सेवा तुमची पानं दर आठवड्याला किंवा रोज स्वतःहून तपासते. वीस-पंचवीस पानांच्या आत असाल तर तिची गरज नाही, महिन्याला एकदा हाताने तपासणी पुरते. शेकडो वर्णनं स्वतः लिहून घेतली असतील तर मात्र आठवड्याची योजना घ्या. रोजची योजना आम्हाला बहुतेकांसाठी अनावश्यक वाटते, कारण चोरलेलं पान शोधयंत्राच्या नजरेस यायलाच काही दिवस जातात.

कॉपीस्केपला दिसत नाही ते असं: लॉगिनमागची पानं, बंद ग्रुप, ॲपमधला मजकूर आणि भाषांतर. तुमचं पान यंत्राने दुसऱ्या भाषेत उलटवलं की शब्द जुळतच नाहीत. अशा वेळी भाषांतरात न बदलणाऱ्या गोष्टींवरून माग काढायचा: तुम्ही स्वतः मोजलेले आकडे, तुमचे उत्पादन-कोड आणि फोटो.

फोटोंसाठी दोन साधनं लागतात आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. टिनआय २००८पासून आहे. ते नेमका तोच फोटो शोधतं, मग तो कापलेला असो, लहान केलेला असो वा रंग बदललेला. त्यात निकाल ‘सर्वांत जुना’, ‘सर्वांत मोठा’, ‘सर्वांत बदललेला’ अशा क्रमाने लावता येतात. ‘सर्वांत मोठा’ बघाच, कारण तुमच्यापेक्षा मोठी प्रत दुसऱ्याकडे निघाली तर तो फोटो मुळात तुमच्या छायाचित्रकाराने तरी काढलेला आहे का, हा प्रश्न उभा राहतो. ‘सर्वांत जुना’मधली तारीख मात्र टिनआयला तो फोटो पहिल्यांदा दिसला तेव्हाची असते, प्रकाशनाची नव्हे. तिच्यावर एकट्यावर दावा उभा करू नका. गुगल लेन्सची व्याप्ती टिनआयपेक्षा मोठी, पण ते तशाच दिसणाऱ्या वस्तूंचा पसारा समोर मांडतं. ‘तंतोतंत जुळणारे’ हा पर्याय निवडला तरच कामाचं काही हाती लागतं. आधी टिनआय, तिथे काही नाही मिळालं तर लेन्स, हा क्रम वेळ वाचवतो. आणि फोटो आडवा उलटवून, म्हणजे आरशातल्यासारखा करून, पुन्हा एकदा शोधा. ही युक्ती चोर सर्रास वापरतात.

सापळे, आणि ते जिथे कमी पडतात

मजकुरात मुद्दाम एखादी खूण पेरायची पद्धत फार जुनी आहे. नकाशे काढणारे नसलेली गल्ली नकाशात टाकत. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीच्या २००१च्या आवृत्तीत ‘एस्क्विव्हॅलियन्स’ हा बनावट शब्द त्यासाठीच घातला होता. तुम्हालाही हे करता येतं: मोजमापाच्या वर्णनात जराशी वेगळी शब्दरचना, उदाहरणातलं मुद्दाम घडवलेलं नाव, यादीचा सवयीपेक्षा निराळा क्रम. वस्तूची माहिती मात्र कधीही खोटी लिहायची नाही, त्यात ग्राहकाचं नुकसान आहे.

पण सापळा काय सिद्ध करतो आणि काय नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या फाइस्ट विरुद्ध रूरल या खटल्यात लख्ख दिसतं. कॅन्ससमधल्या रूरल या टेलिफोन कंपनीने आपल्या डिरेक्टरीत बनावट नोंदी पेरल्या होत्या. फाइस्टच्या डिरेक्टरीतल्या ४६,८७८ नोंदींपैकी १,३०९ रूरलच्या नोंदींशी तंतोतंत जुळल्या आणि त्यांत चार बनावट होत्या. नक्कल झाली यात शंकाच उरली नाही. तरीही रूरल हरली. नाव, गाव आणि फोन नंबर ही तथ्यं आहेत आणि वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत स्वतःची निर्मिती नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

दुकानदाराने यातून आपला माल चाळून घ्यावा. दरपत्रक, वस्तूची लांबी-रुंदी, घटकांची नुसती यादी, कल्पना, छोटी घोषवाक्यं यांवर कॉपीराइटची तक्रार टिकत नाही. वर्णनाचे परिच्छेद, फोटो, व्हिडिओ, चित्रं आणि मार्गदर्शक लेख यांवर टिकते. लोगो आणि नाव चोरलं असेल तर ट्रेडमार्कचा वेगळा फॉर्म आहे. कॉपीराइटच्या फॉर्ममध्ये नावाची तक्रार भरली की ती परत येते.

पुरावा: चोरीच्या आधीच

इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ‘सेव्ह पेज नाऊ’ हा रकाना आहे. नवं पान प्रसिद्ध केलं की त्याच दिवशी पत्ता तिथे टाकायचा. तुमच्या हातात नसलेल्या, तटस्थ जागी तारखेसह प्रत जमा होते. मोफत साधनांत याच्या तोडीचं दुसरं नाही. बॉट अडवण्याच्या भरात आर्काइव्हचा बॉटही अडवला तर हा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलात. त्याच दिवशी गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये यूआरएल तपासणी करून इंडेक्सिंगची, म्हणजे पान शोधात नोंदवून घेण्याची, विनंती करा, म्हणजे गुगलला आधी तुमचं पान दिसण्याची शक्यता वाढते.

मालकी कोणाची, हा प्रश्न बहुतेक जण चोरी झाल्यावर विचारतात. बाहेरच्या छायाचित्रकाराला किंवा लेखकाला पैसे दिले म्हणून हक्क आपोआप तुमच्याकडे येतात असं बहुतेक ठिकाणी नसतं. हक्क हस्तांतराचा एक परिच्छेद, सही आणि तारीख, एवढं कामाआधी लिहून घ्या.

१८८६च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी लागत नाही. तरी अमेरिकेत नोंदणीला वजन आहे: तिथल्या कृतीवर दावा लावण्याआधी ती लागते, आणि कायद्याने ठरवलेली भरपाई मागायची तर चोरीच्या आधी किंवा प्रकाशनापासून तीन महिन्यांत नोंदणी झालेली हवी. प्रत्येक पानासाठी हा खटाटोप नको. कोर्स, ई-पुस्तक, फोटोंचा मोठा संच यांच्यासाठी करावा.

चोरलेला माल वेबवरून खाली उतरवणं

चोरी दिसली की पहिला हात मेलकडे जातो, तो आवरा. आधी चोराचं पान वेबॅकमध्ये जमा करा, पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट पत्ता आणि तारखेसह घ्या, सोर्स साठवा. मेल पोचताच पान बदललं जातं आणि मग दाखवायला काही उरत नाही. तुमच्याच एजन्सीने किंवा वितरकाने परवानगीने तर वापरलं नाही ना, हेही याच टप्प्यावर बघा.

समोरची खरीखुरी कंपनी असेल तर सभ्य भाषेत तीन दिवसांची मुदत द्या. कित्येकदा त्यांच्या मजकूर लिहिणाऱ्यानेच त्यांना फसवलेलं असतं. आपोआप चालणारी वेबसाइट असेल तर मेल न करता सरळ होस्टकडे, म्हणजे वेबसाइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या कंपनीकडे, जा.

होस्ट शोधताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो. डोमेन-नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअपमध्ये दिसतो तो रजिस्ट्रार, म्हणजे नाव विकणारा. मजकूर ज्याच्या यंत्रावर आहे तो होस्ट बहुधा वेगळाच असतो, आणि रजिस्ट्रारकडे गेलेली तक्रार तशीच पडून राहते. डोमेनचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा अंकांतला पत्ता, काढा, मग त्या आयपीची हूइज नोंद, म्हणजे तो कोणाच्या नावावर आहे ते, बघा. तिथे तक्रारीचा ईमेल असतो. नोंद क्लाउडफ्लेअरची निघाली तर मूळ होस्ट त्यामागे दडलेला आहे. क्लाउडफ्लेअरच्या तक्रार फॉर्मवर कळवलं की ते तक्रार पुढे पाठवतात आणि होस्ट कोण हे तुम्हाला सांगतात. तुमचं नाव त्या ग्राहकापर्यंत जाऊ शकतं, म्हणून फॉर्ममधले पर्याय वाचून मगच पाठवा.

नोटिशीचा साचा अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यातून येतो, आणि मोठे होस्ट आणि शोधयंत्रं बहुतांशी अमेरिकी असल्याने तोच सगळीकडे चालतो. सहा गोष्टी लागतात: सही, मूळ कृती कोणती, चोरलेली कोणती, तुमचा संपर्क, ‘हा वापर हक्कदाराच्या, त्याच्या प्रतिनिधीच्या किंवा कायद्याच्या परवानगीने झालेला नाही असं मी प्रामाणिकपणे मानतो’ हे विधान, आणि ‘ही माहिती अचूक आहे, आणि हक्कदार म्हणून किंवा त्याच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार आहे असं मी शपथेवर सांगतो’ हे विधान. यातलं एक राहिलं तरी नोटीस अपुरी ठरते.

प्रत्यक्षात नोटिशी परत येतात त्या याहून साध्या कारणांनी. चोराच्या होमपेजचा पत्ता दिलेला असतो, तिथे चोरलेलं काहीच दिसत नाही. पाच फोटोंसाठी एकच पत्ता दिलेला असतो. ‘माझा सगळा मजकूर चोरला’ असं लिहिलेलं असतं, पण कोणता परिच्छेद कुठे, ते नसतं. चालणारी मांडणी अशी: डावीकडे तुमच्या पानाचा पत्ता, उजवीकडे त्याच्या पानाचा पत्ता, खाली दोन्हीकडचं पहिलं आणि शेवटचं वाक्य, आणि फोटो असेल तर फोटोच्या फाइलचा स्वतंत्र पत्ता. तक्रारी तपासणाऱ्या माणसाला अर्ध्या मिनिटात जुळणी दिसली पाहिजे. भाषा थंड ठेवा. राग आणि धमक्या यांनी काम पुढे सरकत नाही.

नोटीस पाठवण्याआधी वाजवी वापराचा, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला चालणाऱ्या वापराचा, विचार करणंही बंधनकारक आहे. अमेरिकेच्या नवव्या सर्किट या अपील न्यायालयाने २०१५मध्ये लेंझ विरुद्ध युनिव्हर्सल या खटल्यात तसं सांगितलं. तुमच्या उत्पादनाच्या परीक्षणात कुणी दोन ओळी उद्धृत केल्या, तर ती चोरी नव्हे. जाणूनबुजून खोटी नोटीस पाठवली तर भरपाई तुमच्याच अंगावर येते.

होस्टच्या जोडीने गुगल आणि बिंगकडेही स्वतंत्र तक्रार करा. तिथून पान शोधातून निघतं, वेबवरून नाही. होस्ट दाद देत नसेल, आणि काही होस्ट तर दाद न देण्याचीच जाहिरात करतात, तेव्हा हाच मार्ग उरतो. शोधातून येणारी गिऱ्हाइकं आटली की चोरीत फारसा फायदा राहत नाही. गुगलकडच्या नोटिशींची प्रत लुमेन या सार्वजनिक संग्रहात जाते आणि पाठवणाऱ्याचं नाव तिथे दिसतं, म्हणून घरच्या नावाऐवजी व्यवसायाच्या नावाने पाठवा.

डीएमसीए डॉट कॉम या नावाने बरेच जण फसतात. ती खासगी कंपनी आहे, सरकारी कार्यालय नव्हे. तिचा बिल्ला वेबसाइटवर लावल्याने कायद्याने नवा हक्क मिळत नाही आणि न लावल्याने असलेला जात नाही. नवख्या चोराला थोडा वचक बसतो, एवढाच त्याचा लाभ. त्यांची पैसे घेऊन पान उतरवून देण्याची सेवा मात्र वेळ नसलेल्या माणसाच्या कामाची आहे, विशेषतः होस्ट शोधणं जमत नसेल तर. वर दिलेला साचा एकदा स्वतः भरून पाहिलात, तर दुसऱ्या वेळी तिची गरज बहुधा पडणार नाही.

व्हिडिओसाठी यूट्यूबचं कंटेंट आयडी हे नकला आपोआप ओळखणारं साधन फक्त पात्र ठरलेल्या मोठ्या हक्कदारांना मिळतं. इतरांसाठी कॉपीराइट मॅच टूल आहे, ते पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण चढवलेल्या नकला दाखवतं. तिथे लगेच काढा किंवा सात दिवसांची मुदत द्या, असे दोन पर्याय असतात. मुदत दिली आणि समोरच्याने स्वतः व्हिडिओ काढला, तर त्याला स्ट्राइक, म्हणजे खात्यावरचा दंडाचा शेरा, लागत नाही. चुकीने उचललेल्यासाठी हा पर्याय माणुसकीचा आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी मेटाचं राइट्स मॅनेजर अर्ज करून मिळतं. ॲमेझॉनच्या ब्रँड रजिस्ट्रीला ट्रेडमार्क लागतो, अर्ज प्रलंबित असला तरी चालतो. फोटोचोरीची साधी तक्रार तिच्याशिवायही करता येते.

चोराच्या उलट्या बोंबा

ही शक्यता कुणी धरून चालत नाही. तुमचा मजकूर उचलून, त्यावर जुनी तारीख टाकून, चोरच तुमच्या पानाविरुद्ध नोटीस पाठवतो. तपासणाऱ्यासमोर दोन पानं आणि एक जुनी तारीख असते, आणि तुमचं पान शोधातून जातं. अशा खोट्या नोटिशींचा सपाटा लावणाऱ्यांवर गुगलने नोव्हेंबर २०२३मध्ये अमेरिकेत दावा लावला, इतका हा उद्योग वाढला आहे.

उपाय आहे प्रति-नोटीस. काढलेल्या पानाचा पत्ता, ते चुकीने काढल्याचं शपथेखालचं विधान, न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य असल्याची कबुली, सही आणि संपर्क, एवढं त्यात लागतं. प्रति-नोटीस पोचल्यावर समोरच्याने दावा लावला नाही, तर होस्टने १० ते १४ कामाच्या दिवसांत मजकूर परत ठेवायचा असतो. वेबॅकमधली प्रत, रॉ फायली, छायाचित्रकाराशी झालेला लेखी करार, हे सगळं एका फोल्डरमध्ये तयार असेल तर प्रति-नोटीस तासाभरात जाते. नसेल तर दोन आठवडे नुसतं शोधण्यात जातात आणि तोवर विक्री थांबलेली असते. हाच नियम उलटही चालतो: तुमच्या नोटिशीला चोराने प्रति-नोटीस दिली, तर तोच काळ तुमच्या हातात असतो, आणि वकिलाशी पहिल्याच दिवशी बोलावं लागतं.

प्रत्येक प्रकरणासाठी एका शीटमध्ये पाच रकाने ठेवा: चोराच्या पानाचा पत्ता, सापडल्याची तारीख, होस्ट, नोटीस गेल्याची तारीख, आणि तीस दिवसांनी पुन्हा तपासल्याची नोंद. शेवटचा रकाना गाळू नका. उतरवलेला मजकूर दुसऱ्या पत्त्यावर पुन्हा चढवला जातो, आणि तेव्हा आधीच्या नोटिशीचा क्रमांक जोडला की होस्टला पहिल्यापासून सगळं समजावत बसावं लागत नाही.